मुंबईच्या उजेडाचा जावई

मुंबईत जो झगझगाट आहे ना, त्याचा मी जावई लागतो. हसू नका. तिथं गिरणीचं चाक फिरतं, ट्राम पळते, एखादी शेटाणी आरशावरचा दिवा लावून नाकातली चमकी नीट करते, ते सगळं माझ्या सासऱ्याच्या परसावर उभ्या असलेल्या पाण्याच्या जोरावर. सासऱ्याचं घर, गोठा, फणसाचं झाड आणि ज्या जागी मला हळद लागली ती जागा, सगळं लोणावळ्याच्या उत्तरेला धरणाखाली गेलं. कुणाला सासऱ्याकडून पोशाख मिळतो, कुणाला दुभती म्हैस मिळते. मला तलाव मिळाला. एवढा मोठा आहेर मावळात आणखी कुणाला मिळाला असेल तर त्यानं पुढं यावं.

माझं गाव कुरवंडं. आमच्या कड्यावर वारा असा की खाली फेकलेली टोपी वर येते, आणि येताना दुसऱ्या कुणाची तरी सोबत घेऊन येते. लहानपणी मी सहा महिने टोप्यांवर घर चालवलं असं सांगत असे, आणि लोक ऐकत असत. सासऱ्याच्या फणसाची गोष्ट मात्र खरी. एक फणस फोडला की अर्धा मावळ पंधरवडाभर चिकट हात घेऊन फिरायचा. लग्नात मी त्या झाडाखाली जेवलो. बायको तेव्हा एवढीशी होती आणि पंगतीत बसून माझ्याकडं न बघता गऱ्यांकडं बघत होती.

पुढं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास धरण झालं. साहेबाची माणसं आली आणि घराघरावर चुन्याची रेघ मारून गेली. पाणी इथवर येणार म्हणून. सासऱ्याच्या दारावरची रेघ आढ्याच्याही वर, फणसाच्या खोडावर मारावी लागली, कारण घर अगदी ओढ्यालगत, गावात सगळ्यात खाली. म्हातारा खूप हसला. म्हणाला, "पानी वरनं पडतं, बाबांनो. खालनं वर चढाया त्येला काय पाय हायेत?" त्या पावसाळ्यात पाण्याला पाय फुटले. गाव देव आणि गुरं घेऊन निघालं. कुणी खालच्या मावळात इंदुरीला सोयऱ्यांकडं गेलं, कुणी गिरणीत. म्हातारा म्हातारी वर्षा-दोन वर्षांत आटोपली. त्यांना दुसऱ्याच्या ओसरीवर झोप येत नसे.

आता खरी गोष्ट. मावळातल्या लेकी पंचमीला माहेरी जातात. बुडालेल्या गावच्या लेकी वैशाखात जायच्या. कारण वैशाखात धरणाचं पाणी उतरायचं आणि गाव वर यायचं. आधी देवळाचा माथा, मग चिंचेचं खोड, मग विहिरीचं कडं, आणि मग एकेक घराचं जोतं. भिंती केव्हाच विरघळल्या होत्या. राहिले होते ते दगडी उंबरे. जिचा उंबरा उघडा पडला तिला निरोप जायचा. निरोप धाडायचा माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा चुलत भाऊ. त्याचं शेत ज्या धरणानं खाल्लं त्याच धरणावर तो पहारेकरी झाला होता. लेकी सासरहून यायच्या, उंबऱ्यावरचा गाळ खरवडायच्या, हळदकुंकू वाहायच्या, भिंती नसलेल्या घराची जमीन शेणानं सारवायच्या, तीन दगड मांडून एक भाकरी थापायच्या आणि खाऊन परत जायच्या. महिन्या-दीड महिन्यात पाणी येऊन ते सारवण पुन्हा पुसणार हे प्रत्येकीला ठाऊक होतं. कोपरे मात्र कुणी सोडत नसे.

माझ्या बायकोचा उंबरा सगळ्यांत शेवटी निघायचा. एखाद्या वर्षी निघायचाच नाही. इतर लेकी माहेर भोगून गेलेल्या असायच्या आणि ही धरणाच्या काठावर चवड्यांवर बसून पाण्याकडं बघत असायची. पाणी तिला घाबरून उतरायचं असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुमाला घाबरून चढतं त्ये."

एकदा तिनं भावाला विचारलं, पाणी कमी-जास्त कशानं होतं? तो म्हणाला, "मुंबई पिती, ताई. तितं दिवा लावला का हितं पानी उतरतं." झालं. त्या दिवसापासून बाई उजेडाच्या बाजूनं उभी राहिली.

मी तेव्हा लोणावळ्यात एका शेटच्या बंगल्यावर माळी होतो. माळी म्हणजे माळी, पहारेकरी, आचारी, आणि शेट नसताना थोडासा शेट. मागच्या खोलीत आमचा संसार. शेटाणी हवा खायला आल्या आणि रिकाम्या खोलीतला दिवा मालवू लागल्या की ही म्हणायची, "ऱ्हाऊं द्या की वो मावशी, जळतोय त्यो जळू द्या." शेटाणींना वाटायचं, बाई अंधाराला भिते. विजेचं इंजिन पुण्यापर्यंत धावायला लागलं तेव्हा ही स्टेशनात जाऊन इंजिनापुढं नारळ फोडून आली. ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला, "नवस कसला?" ही म्हणाली, "लय खा, बाबा. लाजू नगस." आणि अर्धी वाटी त्याच्या हातावर ठेवली. तो खोबरं खात खात गाडी पुण्याला घेऊन गेला. गाडी उशिरा पोचली असणार.

आमच्या बंगल्यावर एक प्रोफेसर दरवर्षी येत. शेटचे स्नेही. छातीनं अधू, म्हणून डॉक्टरांनी लोणावळ्याची हवा सांगितलेली. एके दिवशी दुपारी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते आणि ही झाडत होती. झाडता झाडता हिनं विचारलं, "सायेब, ह्या काचंत उजेड येतो कुटनं?"

"सूर्याकडून," प्रोफेसर म्हणाले.

"त्यो न्हवं. ह्यो, बटन दाबल्याचा."

"त्याचंच सांगतोय, बाई."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी हातात झारी घेऊन ते सगळं ऐकलं. झारीतलं पाणी माझ्या पायावर सांडून संपलं. सूर्य समुद्र तापवतो, ढग होतात, ते सह्याद्रीला अडून मावळात कोसळतात, धरण भरतं. पाणी कालव्यानं कड्यापर्यंत जातं आणि लोखंडी नळांतून घाटाखाली पडतं. पडतं का, तर पृथ्वी त्याला आपल्याकडं खेचते. खाली चाक असतं. चाकाबरोबर लोहचुंबक फिरतं आणि त्याच्या भोवती तांब्याच्या तारा असतात.

"चुंबक तारंला घासतं?"

"नाही, शिवतसुद्धा नाही. नुसतं जवळून जातं. तेवढ्यानं तारेत वीज उठते."

"न शिवता?"

"न शिवता."

तिनं केरसुणी काखेत धरली. "पटलं," म्हणाली. "काठावरनं नुसतं गेलं तरी माज्या छातीत हुतं तसं."

प्रोफेसरांना उत्साह आला. त्यांनी खिशातलं होकायंत्र काढलं. म्हणाले, सबंध पृथ्वीच एक लोहचुंबक आहे, म्हणून ही सुई कुठंही नेली तरी उत्तरेकडंच तोंड करते. हिनं ते तळहातावर घेऊन सुईला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. सुई हट्टानं धरणाकडंच वळायची.

"हिचंबी म्हायेर तिकडंच हाय का वो?"

प्रोफेसर इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मला पाणी आणायला पळावं लागलं. मी परत आलो तेव्हा ही दुसऱ्याच विचारात होती.

"म्हंजी सूर्व्याच्या उजेडाचा फिरूनशान उजेडच झाला. मग मधी आमचं गाव कशाला घातलं?"

"उंची लागते, बाई. पाणी उंचावर अडवलं तरच ते जोरात पडतं."

"आमी उंचावर ऱ्हायलो, ह्यो गुन्हा म्हना की."

प्रोफेसरांनी होकायंत्र खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मला म्हणाले, "बाईंना सांगा, मी विचार केला. मला उत्तर आलं नाही."

त्यानंतर पुष्कळ वर्षं बरी गेली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि मुंबई काळी झाली. लोक सांगत यायचे: दिव्यांना काळे कागद, खिडक्यांना काळे कागद, मोटारीच्या डोळ्यांवर झापड. लोणावळ्यातही खिडक्यांना कागद लागले. लोकांना बॉम्बची भीती. हिला एकच भीती. "मुंबई उपाशी निजायला लागली," म्हणाली. "आता पानी कोन पिनार?"

त्याच थंडीत ती खोकायला लागली. प्रोफेसरांना होता तोच आजार. ज्या हवेसाठी मुंबईची माणसं पैसे मोजून येत होती त्या हवेत ती जन्मली, वाढली, त्याच हवेत तिला तो धरला. डॉक्टर म्हणाले, हवाबदल करा. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, आता कुठं नेऊ, स्वर्गात? बोलून गेलो आणि जीभ चावली.

वैशाख आला. पावसाळा आदल्या वर्षी दणकून झाला होता. बाकीच्या लेकींचे निरोप येऊन गेले, तेही थोड्याच जणींचे. हिचा येईना. ती अंथरुणावरून रोज विचारी, "निघाला?" मी म्हणे, "निघतोय." जेवण तिनं जवळजवळ टाकलं होतं. तिचं एकच म्हणणं होतं: औंदा एकदा हात लावायचा, सारवलं नाही तरी चालेल, नुसता उंबऱ्याला हात लावायचा. फुडल्या सालाचं तिनं नावही काढलं नाही.

मी काय केलं ते सांगतो. चौथी पास माणूस. पण प्रोफेसरांचा धडा माझ्या डोक्यात बसला होता. सूर्य, समुद्र, ढग, धरण, नळ, चाक, चुंबक, तार, दिवा. एका टोकाला सासऱ्याचं घर, दुसऱ्या टोकाला माझ्या बोटाखालचं बटण. रिळाचा दोरा हातात आलाय, मग ओढायला काय हरकत? मी ओढला. दिवसाढवळ्या, सकाळी उठल्याबरोबर बंगल्यातले सगळे दिवे लावले. दिवाणखान्यातले, जिन्यातले, न्हाणीघरातले. शेटचा पंखा लावला. पाणी तापवायचं यंत्र लावून पाणी मोरीत सोडून दिलं. काळे कागद होते म्हणून बाहेर दिसत नव्हतं, आणि दिवसा दिवे लावायला बंदी नव्हतीच. असा गाढवपणा कुणी करील असं सरकारला सुचलं नसावं.

समोरच्या बंगल्याचा माळी इंदुरीचा. टोमणा मारल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसे. तो कुंपणावरून डोकावला.

"काय रं, शेट आलंत जनू? दिवसाची दिवाळी?"

"धरण उपसतोय."

"दिव्यानं?"

"मग काय पोहऱ्यानं उपसू?"

तो हसणार होता. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. मी सगळं सांगितलं. त्यानं कुंपणावरची वाळकी पानं उगाच वेचली. म्हणाला, "आमच्या शेटाकडं झुंबर हाय. त्येला लय पानी लागत आसंल."

दुपारपर्यंत झुंबर लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पारशी बंगल्यातला दरवाजाचा दिवा, त्या पलीकडच्या बंगल्यातली सगळी वरची माडी. बंगले ओळीनं रिकामे आणि किल्ल्या माळ्यांच्या कमरेला. आम्ही लोणावळं पेटवून दिलं म्हणा ना. तारा इतक्या तापल्या की त्यांवर बसलेले कावळे पाय बदलून बदलून बसत होते. खंडाळ्याकडं मावळणारा सूर्य आमच्याकडं बघून थोडा ओशाळल्यासारखा दिसे.

संध्याकाळी मेव्हणा यायचा. मी त्याला फाटकातच गाठायचो.

"उतरलं?"

"दाजी, पानी मापायच्या पट्टीवर हाय तितंच हाय."

दोन-तीन दिवस असं झालं. मग एके दिवशी तो थेट आत गेला, तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "ताई, उतरल्यावानी वाटतंय बरं का." तो आयुष्यात खोटं बोललेला नव्हता. आमच्या घराण्यात खोटं बोलायचं काम माझं. त्या दिवशी त्यानं ते माझ्या हातून काढून घेतलं. त्याचे कान लाल झाले होते.

प्रोफेसर त्याच आठवड्यात आले. न्हाणीघरात, जिन्यात, सगळीकडं दिवे बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. मनातल्या मनात बराच हिशेब केला असावा.

"धरण केवढं आहे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"तरी किती उतरेल, साहेब?"

"केसाच्या जाडीइतकंसुद्धा नाही."

"पण उतरेल ना?"

ते खुर्चीतून उठले. "उतरेल," म्हणाले. मग आपल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं चहा घेऊन मी गेलो, तर बाहेर रखरखीत ऊन आणि त्यांच्या टेबलावरचा दिवा लागलेला. ते उन्हातच वाचत होते.

शेवटी ती म्हणाली, "मला तितं न्या. भावाच्या डोळ्यानं न्हाई बगायचं आता." बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. चार माळी खांद्याला, इंदुरीचा पुढं. वाटेत तो नेहमीसारखा बडबडत होता, "वैनी, वजन हाय का न्हाई तुमास्नी? भाऊ जेवाया घालत न्हाई वाटतं." ती झोळीतून म्हणाली, "सोताच खात्यात समदं."

काठावर तिला उतरवलं, पाठीला मी बसलो. पाणी अजून पुष्कळ होतं. देऊळ आणि वरच्या अंगाची दोन-चार जोती तेवढी उघडी, देवळाच्या माथ्यावर एक बगळा. तिचं घर कुठं, ते तिनं बोटानं दाखवलं. तिथं नुसता वारा पाण्यावरून जात होता. मेव्हणा आपल्या पायांकडं बघत उभा होता.

"दिवं लावलं हुतं न्हवं?" तिनं विचारलं.

"समदं."

"झुंबर बी?"

"झुंबर बी, वैनी," इंदुरीचा मागून म्हणाला.

"मग काय करनार आपन." पदर सावरून म्हणाली, "इझवा आता. वाटंल त्येवढं जळलं."

लगेच परत नेऊ नका म्हणाली, म्हणून उन्हं कलेपर्यंत बसलो. चौघे माळी लांब काठावरच्या जांभळीच्या सावलीत तंबाखू मळत बसले. मी बोलत होतो. टोप्यांची गोष्ट सांगितली, फणसाची सांगितली, फणस आणखी मोठा केला. ती ऐकत होती की पाण्याकडं बघत होती, कळलं नाही.

पाऊस पडायच्या आत ती गेली. ते मी बऱ्याच वेळा सांगायचा प्रयत्न केला आहे. ते काही फुगत नाही. आहे तेवढंच राहतं.

पुढं युद्ध संपलं. मुंबईत कागद निघाले, लोकांनी म्हणे रस्त्यांवर दिव्यांच्या माळा सोडल्या. गच्चीगच्चीवर उजेड. मला ते पेपरात वाचवलं नाही. मी पेपर प्रोफेसरांच्या खोलीत नेऊन ठेवला. मग एका वर्षी पावसानं ओढ दिली आणि वैशाखात मेव्हणा फाटकात येऊन उभा राहिला. आत येईना.

"दाजी," म्हणाला, "लेक तर न्हाई आता. पन निरोप द्यायचा कुनाला म्हून आलो."

मी गेलो. गाळ वाळून भेगाळला होता. प्रत्येक जोत्यावर लेकी लेकी बसलेल्या, कुठं धूर, कुठं हसणं. सासऱ्याचा उंबरा सगळ्यांत खाली, ओढ्याच्या तोंडाशी, ओला काळा दगड. भिंत एकही नाही. चारी बाजूंनी कुठूनही आत शिरता आलं असतं. पण मी जावई. कुणी या म्हटल्याशिवाय, पायावर पाणी घातल्याशिवाय जावई आत जात नाही. मी शेणाची पाटी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. किती वेळ ते सांगत नाही; मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, वाढवून सांगतो.

शेवटी वरच्या जोत्यावरच्या एका म्हातारीचं लक्ष गेलं. ती बायकोची लांबची आत्या. हातातली भाकरी तव्यावर टाकायची सोडून, पदर खोचत खाली आली. मला ओळखलं, पाटीकडं बघितलं. ओढ्यातून तांब्या भरून आणला, माझ्या पायांवर घातला, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला.

"या, जावईबापू. आत या."

मी उंबरा ओलांडला, खाली बसलो आणि सारवायला लागलो. सगळ्या मावळात माझ्याइतकं वाईट सारवणारा माणूस झाला नसेल. शेण जमिनीपेक्षा माझ्या कोपरांना जास्त लागत होतं. वरच्या जोत्यावरून पोरी खुदखुदल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, गडीमानूस सारवतोय बग." आत्यानं त्यांना मागं वळून हातानंच गप्प केलं. मग माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "असं न्हवं. हात उलटा फिरवा, आपल्याकडं वढा. पोरगी कशी करायची, बगितलं न्हाई व्हय कदी?"

बघितलं होतं. दरवर्षी काठावर बसून बघितलं होतं. दुसऱ्या हातानं पाटी जवळ ओढली. आत्यानं मनगट सोडलं नाही. तिच्याच हातानं माझा हात त्या जमिनीवरून फिरत राहिला, एका कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या.